चोरवाटा शोधणारे यंत्र

(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



चिटणीससाहेबांनी आम्हांस चार शब्द बोलावयास सांगितले तेव्हा विषय कोणता घ्यावा हे आमच्यावरच सोपविले होते. त्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी की, शाळामास्तर आहे, शिक्षणाचे महत्त्व सांगेल, दोन दाखले देईल आणि खाली बसेल. शिक्षणाचे महत्त्व आपण सर्व जाणता. जाणत नसता तर पंचवीस वर्षे वर्गणी जमवून दुसऱ्यांच्या मुलांची फी भरली नसती. म्हणून आम्ही असा विषय घेतला आहे की जो ऐकताना प्रथम परका वाटेल, परंतु येत्या जूनपासून तो आपल्या प्रत्येकाच्या घरात शिरणार आहे. जूनपासून शिष्यवृत्तीचे अर्ज कागदावर न घेता ट्रस्टच्या वेबसाइटवर घ्यावयाचे, असा ठराव झालेला आहे. त्या वेबसाइटच्या भिंतीला कोठे भगदाड आहे काय हे कसे पाहावे, आणि हल्ली ज्याचा एवढा गवगवा चालला आहे ते मशीन लर्निंग, म्हणजे दाखल्यांवरून शिकणारे यंत्र, हे काम आपल्यासाठी करील काय, हा आमचा विषय.

खजिनदार चाचा परवा आम्हांला म्हणाले, "मास्तर, आपल्या वेबसाइटमध्ये चोरण्यासारखे आहे तरी काय? आपण काय बँक आहोत?" चाचांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका घडलेल्या गोष्टीने देतो, आणि त्या गोष्टीत आमची स्वतःची चूक आहे तीही सांगतो.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. आमच्या दहावीच्या वर्गात एक मुलगा होता. वडील जिनिंगमध्ये हमाली करतात. घरी उर्दू, गल्लीत मराठी, बाजारात तेलुगू, आणि आजोळच्या गावी गेला की गोंडीही थोडी समजते, असा आपल्या आदिलाबादकडचा नेहमीचा मुलगा. त्याने एका संस्थेच्या शिष्यवृत्तीचा अर्ज बसस्थानकाजवळच्या नेट-सेंटरवर भरला. संस्थेचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही. अर्ज भरून झाल्यावर पडद्याच्या वरच्या पट्टीत, जेथे वेबसाइटचा पत्ता दिसतो तेथे, शेवटी त्याच्या अर्जाचा क्रमांक दिसत होता. मुलाने सहज शेवटचा आकडा एकाने वाढवला, आणि पडद्यावर दुसऱ्याच एका मुलीचा अर्ज उघडला. तिचा फोटो, आधार क्रमांक, आईचा मोबाइल नंबर आणि आईच्या पासबुकाचे पहिले पान. आणखी एक आकडा वाढवला, तिसऱ्याचा अर्ज.

दुसऱ्या दिवशी तो मधल्या सुट्टीत आमच्याकडे आला. म्हणाला, "सर, मी चोरी केली नाही. फक्त एक आकडा बदलला." आम्ही काय केले? आम्ही त्याला झापले. नसत्या उचापती कोणी सांगितल्या, पोलिसांच्या भानगडीत पडायचे आहे काय, तोंड बंद ठेव, असे सांगून त्याला वर्गात पाठविले. आम्हांस भीती वाटली, ही खरी गोष्ट. संस्था आपली चूक कबूल करण्याऐवजी पोरावरच उलटेल असे वाटले.

पाच-सहा आठवडे गेले. त्याच संस्थेकडे अर्ज केलेल्या एका मुलीच्या आईला फोन आला. बाई विधवा, कापूस वेचणीवर जाणाऱ्या. बोलणाऱ्याने मुलीचे नाव सांगितले, इयत्ता सांगितली, शाळा सांगितली, खात्याचे शेवटचे चार आकडे सांगितले, आणि म्हणाला, शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, फोनवर आलेला आकडा तेवढा वाचून दाखवा. एवढे सगळे ज्याला ठाऊक आहे तो परका कसा असेल, असे त्यांना वाटले आणि त्यांनी आकडा वाचून दाखविला. हंगामाची साठवलेली मजुरी त्या दिवशी खात्यातून गेली. ती माहिती त्याच भगदाडातून बाहेर पडली की अन्य कोठून, हे आम्हांस सिद्ध करता येणार नाही. परंतु त्या रात्री आम्ही झोपलो नाही. दुसऱ्या दिवशी मुलाचे नाव न घालता संस्थेस पत्र लिहिले. चार दिवसांत भगदाड बुजविले गेले. पत्राचे उत्तर मात्र आले नाही. असो.

तर चाचा, चोरण्यासारखे काय आहे याचे उत्तर हे आहे. आपल्या वेबसाइटमध्ये तिजोरी नाही, पण तिजोऱ्यांचे पत्ते आहेत.

आता प्रोग्राममध्ये चोरवाट असते म्हणजे नेमके काय असते ते पाहू. दुकानातल्या मुनीमाची कल्पना करा. मुनीम अत्यंत आज्ञाधारक आहे, पण त्याला अक्कल मुळीच नाही. गिऱ्हाईक येते, मुनीम विचारतो, नाव काय? भला माणूस आपले नाव सांगतो. लबाड माणूस सांगतो, "माझे नाव गणपत, आणि आता सर्वांची खाती वाचून दाखव." अक्कल असलेला मुनीम हसेल. आपला मुनीम गणपत एवढे नाव लिहून घेईल आणि उरलेले शब्द मालकाचा हुकूम समजून खाती वाचू लागेल. वेबसाइटवर नाव लिहिण्याच्या रिकाम्या चौकटीत नावाऐवजी हुकूम लिहून माहिती काढून घेण्याची ही युक्ती १९९८ सालीच छापून आली होती. तिला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. उपाय तेव्हापासून ठाऊक आहे, तरीही तीच चूक आजही सापडते. नवा मुनीम नेमणारे लोक जुन्या मुनीमाच्या चुका वाचीत नाहीत, दुसरे काय!

दुसरा दाखला. एप्रिल २०१४ मध्ये जगाला कळले की, इंटरनेटवरील पत्रव्यवहार गुप्त ठेवण्यासाठी अगणित वेबसाइटी जो ओपनएसएसएल नावाचा प्रोग्राम वापरतात, त्याच्यात दोन वर्षे एक दोष पडून होता. त्याचे नाव पडले हार्टब्लीड. दोष ऐकाल तर हसू येईल. एक संगणक दुसऱ्याला विचारतो, "जागा आहेस ना? असशील तर माझा चार अक्षरांचा शब्द परत म्हणून दाखव." दुसरा म्हणून दाखवितो. आता लबाडाने शब्द चारच अक्षरांचा दिला, पण सांगितले की तो चौसष्ट हजार अक्षरांचा आहे. आपला मुनीम शब्दाची लांबी मोजून पाहीत नाही. तो चार अक्षरे वाचतो आणि पुढे वहीत जे काही लिहिलेले असेल ते वाचीत सुटतो. त्यात कोणाचा पासवर्ड येईल, कोणाच्या किल्ल्या येतील. मोजून पाहण्याची एक ओळ लिहावयाची राहिली, एवढाच काय तो दोष. प्रोग्राम सर्वांना वाचावयास खुला होता. वाचणारे डोळे कमी पडले.

येथेच यंत्राची गरज उत्पन्न होते. माणसाने किती ओळी वाचाव्या? वही तपासताना तिसाव्या वहीनंतर आमचे लक्ष उडते, हे आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे आणि ते आपली वही खाली सरकवितात.

यंत्राकडून तपासणी करून घेण्याचा एक मार्ग योगायोगाने सापडला. १९८८ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक बार्टन मिलर वादळी रात्री घरून टेलिफोनच्या तारेने विद्यापीठाच्या संगणकाशी बोलत होते. विजांमुळे तारेत खरखर होऊन भलतीसलती अक्षरे घुसू लागली, आणि नामांकित प्रोग्राम त्या कचऱ्याने कोसळू लागले. दुसरा कोणी असता तर टेलिफोन खात्याला शिव्या देऊन झोपला असता. यांनी विद्यार्थ्यांना तेच काम दिले, मुद्दाम कचरा ओता आणि काय मोडते ते पाहा. तपासलेल्या प्रोग्रामांपैकी चौथा ते तिसरा हिस्सा मोडला. या पद्धतीला फझिंग म्हणतात आणि ती आजही जोरात चालू आहे.

दुसरा मार्ग, प्रोग्राम न चालविता यंत्राने तो नुसता वाचून संशयाच्या जागी खूण करावयाची. यात आपल्या मराठी मुलखातही काम झाले आहे. पुण्यात १९८१ साली टाटांनी संशोधन केंद्र काढले, टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर. तेथे तुकाराम मुस्के आणि त्यांचे सहकारी यांनी ज्या अडचणीवर वर्षानुवर्षे खपून काम केले ती अडचण शिक्षकाला फार लवकर कळते. यंत्र चूक दाखविते हे खरे, पण खऱ्या चुकीबरोबर कितीतरी खोट्या चुका दाखविते. माणूस खोटे इशारे पाहून कंटाळतो आणि खऱ्यावरही विश्वास ठेवीनासा होतो. लांडगा आला रे आला, हीच गोष्ट. त्यांची युक्ती अशी की, एकाच कारणापासून निघालेल्या इशाऱ्यांचे गट करावयाचे आणि प्रत्येक गटाचा एक म्होरक्या ठरवावयाचा. म्होरक्या खोटा ठरला की त्याच्या मागचे सारे खोटे, ते पाहण्याची गरज नाही. काम नावाजण्यासारखे दिसत नाही, पण मनुष्याचा वेळ वाचविणारे आहे.

या दोन्ही मार्गांत यंत्राला नियम माणूस सांगतो. शिकणाऱ्या यंत्राची तऱ्हा निराळी. ती समजावयास आपल्या मार्केट यार्डात चला. गाडीतून मूठभर कापूस उचलून, बोटांनी धागा ओढून, जुना व्यापारी माल कसा आहे ते सांगतो. ओलाव्यावरून दरवर्षी किती वादावादी होते ते आपण पाहतो, तरी पण त्याचा हात सहसा चुकत नाही. त्याला हा नियम कोणत्या पुस्तकाने शिकविला? कोणत्याच नाही. त्याने हजारो गाड्या पाहिल्या आणि हाताला ज्ञान झाले. शिकणाऱ्या यंत्रापुढेही असेच हजारो प्रोग्राम ठेवितात. हा दोषी, हा निर्दोष, हा दोषी, असे सांगत जातात. दोषीपणाची खूण यंत्राने आपली आपण धरावी अशी अपेक्षा असते.

पण येथे एक गोम आहे. समजा, नव्या पोराला शिकविताना वाईट कापसाच्या सगळ्या गाड्या एकाच गावच्या आल्या आणि त्या गाड्यांची जोखडे हिरवी होती. पोरगा काय शिकेल? हिरवे जोखड दिसले की माल वाईट. परीक्षेतही त्याच गाड्या आणल्या तर पोरगा पैकीच्या पैकी गुण मिळवील, आणि दुसऱ्या यार्डात नेला की फजीत होईल. ही आमची कल्पना नव्हे. २०२० साली कोलंबिया विद्यापीठातील बैशाखी रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष ओळखणारी तत्कालीन यंत्रे खऱ्याखुऱ्या प्रोग्रामांवर तपासली, तेव्हा त्यांची कामगिरी निम्म्याहूनही अधिक घसरली. यंत्रे दोष ओळखण्याऐवजी प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठेवलेली नावे आणि तसल्याच अवांतर खुणा ओळखीत होती. पाठांतर करून पहिला येणारा विद्यार्थी आपण पाहिलेला आहे, त्यातलाच हा प्रकार.

त्यानंतर मात्र चित्र पालटले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आज माणसाची भाषा बोलणारी जी मोठी यंत्रे निघाली आहेत, ती प्रोग्राम वाचतात, शंका घेतात, शंका खरी की खोटी ते चालवून पाहतात. गूगलच्या बिग स्लीप नावाच्या अशाच यंत्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये एसक्यूलाइट या प्रोग्राममध्ये एक दोष शोधला. एसक्यूलाइटचे नाव आपण ऐकले नसेल, परंतु या मांडवात जितके स्मार्टफोन आहेत त्या बहुतेकांत तो बसलेला आहे. तो प्रोग्राम वर्षानुवर्षे कचरा ओतून तपासला जात असतो, तरी हा दोष निसटला होता. नव्या आवृत्तीत तो बाहेर पडण्यापूर्वीच दुरुस्त झाला. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या दार्पा या संशोधन संस्थेने लास व्हेगास येथे यंत्रांच्या स्पर्धेचा निकाल लावला. पाच कोटी चाळीस लाख ओळींच्या प्रोग्रामांत मुद्दाम दोष पेरून ठेविले होते. यंत्रांनी त्यांतले ५४ शोधले आणि ४३ आपले आपण दुरुस्त केले. गमतीची गोष्ट अशी की, कोणी न पेरलेले १८ खरे दोषही त्यांना सापडले. पहिले आलेल्या अटलांटाच्या चमूस चाळीस लाख डॉलर मिळाले.

या यशाचा उलटा हातही पाहा. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांचा कर्ल नावाचा प्रोग्राम जगभर वापरला जातो. दोष दाखविणाऱ्यास ते २०१९ पासून बक्षीस देत होते. बक्षिसाच्या आशेने लोक यंत्राकडून लांबलचक, इंग्रजी उत्तम असलेले आणि आत काहीही नसलेले अहवाल लिहवून पाठवू लागले. तपासून तपासून चालकांचे प्राण कासावीस झाले. जानेवारी २०२६ अखेर त्यांनी बक्षीसच बंद केले. आणि याच स्टेनबर्ग यांना सप्टेंबर २०२५ मध्ये एका जाणकाराने यंत्राच्याच मदतीने शोधलेल्या दोषांची लांब यादी दिली, तिच्यातून कित्येक खऱ्या दुरुस्त्या झाल्या आणि त्यांनी त्याची वाखाणणी केली. यंत्रे त्याच जातीची, मात्र ती हाती धरणारी माणसे वेगळी होती.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळतो. आकडा बदलून दुसऱ्याचा अर्ज उघडणे, हा दोष शिकणाऱ्या यंत्राने ओळखला असता काय? आम्ही हे करून पाहिले. आमचा एक जुना विद्यार्थी हैदराबादेस नोकरीला आहे. अध्यक्षांची लेखी परवानगी घेऊन त्याने आपल्या ट्रस्टच्या नव्या वेबसाइटची कच्ची प्रत, खोटी नावे भरून, यंत्रापुढे ठेविली. यंत्राने तीन पाने इशारे दिले. बरेचसे फुकट होते. एक मात्र अगदी खरा निघाला. नाव शोधण्याच्या चौकटीत तोच बिनअकली मुनीम बसला होता. ज्या कारागिराने वेबसाइट केली त्याला ते दाखविले, त्याने निमूटपणे दुरुस्त केले.

आणि अर्जाच्या क्रमांकाचे काय? मंडळी, तोच दोष आपल्याही वेबसाइटमध्ये होता! यंत्र त्याविषयी चकार शब्द बोलले नाही. आम्ही त्या मुलाला बोलावून घेतले. तो आता इंटरला आहे. ज्याला आम्ही झापले होते त्यालाच समोर बसविले, आणि पहिल्याने त्याची माफी मागितली. विद्यार्थ्यांपुढे हे सांगावयास आम्हांस संकोच वाटत नाही. दहा मिनिटांत त्याने आकडा बदलून शेजारचा अर्ज उघडून दाखविला.

असे का व्हावे? कारण या दोषात प्रोग्राम मोडलेला नसतो. मुनीमाला अर्ज दाखव म्हटले, त्याने दाखविला. त्याच्या दृष्टीने काम चोख झाले. कोणाचा अर्ज कोणी पाहावयाचा, हे प्रोग्रामच्या ओळींत लिहिलेलेच नाही. ते आपल्या मनात आहे. वेबसाइटींच्या दोषांची क्रमवारी लावणारी ओवास्प नावाची जागतिक संस्था आहे. तिच्या २०२१ च्या यादीत हाच दोष, म्हणजे ज्याला ज्याचा अधिकार नाही ते त्याला पाहू देणे, पहिल्या क्रमांकावर आहे. मग आमच्या हैदराबादच्या विद्यार्थ्याने यंत्राला साध्या शब्दांत सांगितले की, पालकाने फक्त आपल्या मुलाचा अर्ज पाहावयाचा, चिटणिसाने सर्वांचे, खजिनदाराने फक्त मंजूर झालेले. एवढे सांगितल्यावर यंत्राने नियम कोठे कोठे मोडतो ते शोधले, आणि मुलाला न दिसलेल्या आणखी दोन जागा काढून दिल्या. एका जागी तर पासबुकाची चित्रे कोणालाही दिसतील अशी उघड्यावर पडली होती. यंत्र मुके नव्हते, आम्ही त्याला घरची रीत सांगितली नव्हती.

येथे एक शंका काही जणांच्या मनात येईल. कॉसमॉस बँकेसारखी १९०६ साली निघालेली पुण्याची जुनी बँक, तिच्याकडे काय तज्ज्ञ नव्हते? ऑगस्ट २०१८ मध्ये तिच्यावर घाला पडला. शनिवारी ११ तारखेस अवघ्या काही तासांत २८ देशांतल्या एटीएम यंत्रांतून नकली कार्डांनी सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले, देशातही अडीच कोटी गेले, आणि १३ तारखेस आणखी जवळजवळ चौदा कोटी हाँगकाँगच्या बँकेकडे वळविले. एकूण ९४ कोटींच्या वर. एटीएमचा निरोप बँकेपर्यंत पोचण्याआधी वाटेतच एक नकली होकार देणारा बसविला होता, तो प्रत्येक मागणीला हो म्हणत होता. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांस दोषी ठरविले. आपल्या हैदराबादेत जानेवारी २०२२ मध्ये महेश बँकेचे बारा कोटींहून अधिक गेले. तेथे पोलिसांच्या सांगण्याप्रमाणे चोर शिरला तो कर्मचाऱ्यांना पाठविलेल्या फसव्या ईमेलमधून. अशा वेळी भिंत तपासणारे यंत्र पुरत नाही. वागणुकीवर नजर ठेवणारे, एरवी कधी न दिसलेली गर्दी दिसताच आरोळी ठोकणारे दुसरे यंत्र लागते. तेही शिकणारेच असते. एक गवंडी, दुसरा पहारेकरी. आपल्या ट्रस्टला पहारेकरी नेमण्याची ऐपत नाही, म्हणून गवंड्याचे काम तरी नीट झाले पाहिजे.

आता त्या मुलासारख्यांविषयी. पालक मंडळी विचारतात, अशा खोड्या मुलांनी कराव्या की नाही? २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा स्पष्ट आहे. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीवाचून शिरणारा कलम ४३ खाली नुकसानभरपाईस जबाबदार ठरतो, आणि लबाडीने केल्यास कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जून २०२४ मध्ये तेलंगण पोलिसांच्या हॉक आय ॲपमधील नागरिकांची माहिती बाहेर गेली, तेव्हा अटक झाली ती विशीतल्या एका विद्यार्थ्याला. माहिती विक्रीस ठेवल्याचा त्याच्यावर आरोप होता. म्हणून मुलांनो, दोष नजरेस पडला तर तेथेच थांबावे. दुसरा अर्ज उघडला हे कळले, तिसरा उघडून पाहू नये, काही उतरवून घेऊ नये, आणि वडीलधाऱ्याला सांगावे. वडीलधाऱ्याने, आमच्यासारखे न करता, ते संस्थेला लेखी कळवावे. संस्था ऐकत नसेल तर २००४ पासून काम करणारी सर्ट-इन ही केंद्र सरकारची संस्था असे दोष कळवून घेते. पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर फोन करावा. ती माउली बँक उघडण्याची वाट पाहत रात्रभर बसली होती.

आणि हात चालविणाऱ्या मुलाला अगदीच नाउमेद करू नये. साताऱ्याकडचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात लागले. पुढे पुण्यात त्यांनी स्वतःचे दुकान काढले. धाकटे बंधू संजय यांना संगणक शिकविला, आणि दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसने भरलेले पाहून संजय यांनी व्हायरस काढणारा प्रोग्राम लिहिला. त्यातून क्विक हील ही कंपनी उभी राहिली. दुरुस्तीची सवय असलेल्या हातांना मोडतोड कोठे होते ते लवकर दिसते.

विश्वस्त मंडळींकडे आमचे मागणे थोडे आहे. वेबसाइट जूनमध्ये सुरू करण्याची घाई असेल, पण राहिलेली दोन भगदाडे बुजून पुन्हा तपासणी होईपर्यंत ती उघडू नये, मग जून जाऊन जुलै आला तरी चालेल. तोवर कागदी अर्ज घ्यावे. त्यांनी पंचवीस वर्षे दगा दिलेला नाही. पासबुकाचे चित्र मागण्याची गरजच काय, ते मंजुरी झाल्यावर कार्यालयात पाहता येईल. जे आपल्यापाशी नाही ते कोणी चोरू शकत नाही. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घ्यावयाची तर पालकाची संमती घ्यावी लागेल, तिचा कागद आताच तयार करावा. आणि दोष दाखविणाऱ्याने कोणाकडे लिहावे, त्याला त्रास दिला जाणार नाही, असे दोन ओळींत वेबसाइटच्या पहिल्या पानावर मराठी, उर्दू, तेलुगू तिन्हींत लिहावे. मजकूर आम्ही लिहून देतो, तेलुगूचा मजकूर मात्र आमच्या शाळेतल्या बाईंकडून तपासून घ्यावा लागेल.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता शाळेच्या संगणक खोलीत वेबसाइटची कच्ची प्रत सर्वांना पाहावयास ठेवीत आहोत. त्यात सगळी नावे खोटी आहेत. खरा आधार क्रमांक कोणीही घालू नये. हैदराबादचा विद्यार्थी आदल्या रात्रीच्या रेल्वेने येणार आहे, आणि आकडा बदलणारा मुलगा पहिल्या संगणकापाशी बसेल. खजिनदार चाचांनी अवश्य यावे, आपल्या नावाने एक खोटा अर्ज आम्ही भरून ठेविला आहे.